उस्तादाच्या हाताबाहेरचं चाक

सायकलघरात त्याला उस्ताद म्हणायला सुरुवात कुणी केली हे आता कुणालाच आठवत नाही. त्याला स्वतःला मात्र पक्कं आठवतं, आणि ते नाव एकदा मिळाल्यावर त्याने अंगावरून कधी उतरवलं नाही. पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पण दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं सुटली की जीव मुठीत धरून घरी पळतात, मेकॅनिकचं कौतुक करायला कुणी थांबत नाही. कौतुक मिळायचं ते सायकलघरात, बुधवारी संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर. तेवढ्यावर तो आठवडा काढायचा.

सायकलघर म्हणजे एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीचा लांबोडका हॉल. कपडे वाळवायच्या लोखंडी दांड्या छताखाली तशाच होत्या, आणि त्यांना आता सायकली टांगलेल्या असायच्या. मालक कुणी नाही, पगार कुणाला नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईंनी आणि उस्तादाने मिळून हे सुरू केलं, मग एकेक जण येत गेला आणि ती एक सहकारी संस्था झाली. लोक नको झालेल्या सायकली आणून टाकायचे. त्यातल्या बऱ्या असतील त्या डाव्या भिंतीला लागायच्या, आणि ज्यांच्यात काही राम उरला नाही त्या उजव्या भिंतीला, सुटे भाग काढून घेण्यासाठी.

नियम दोनच होते. पहिला, ज्याची सायकल त्यानेच ती दुरुस्त करायची. स्वयंसेवकाने शेजारी उभं राहून सांगायचं, पण हात पाठीमागे ठेवायचे. दुसरा नियम भागीदार होण्याचा. ज्याला भागीदार व्हायचंय त्याने उजव्या भिंतीवरची एक सायकल उतरवायची, एकट्याच्या हाताने ती पुन्हा उभी करायची, आणि महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर तिचं मागचं चाक फिरवून दाखवायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागला असेल तर ती सायकल बाद. पुन्हा पहिल्यापासून, दुसरी घेऊन.

दुसऱ्या नियमाबद्दल उस्ताद फार कडक होता. पहिला त्याच्याच्याने पाळवत नसे. कुणी नवशिका पान्याशी झटापट करताना दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. "सरका जरा, बघू," म्हणत तो पुढे व्हायचा आणि समोरचा नाक पुसेपर्यंत काम फत्ते. लोक खूश, उस्ताद त्याहून खूश. त्याच्या स्टँडपुढे दारापर्यंत रांग लागायची.

"उस्ताद, हे सायकलघर आहे. दुकान नाही," बेकरीवाल्या बाई म्हणायच्या.

"रांग बघा की बाई," उस्ताद म्हणायचा.

बाई रांग बघायच्या आणि पावाची टोपली उघडायच्या. दर शनिवारी त्या सगळ्यांसाठी ताजा पाव आणायच्या, आणि त्यातला कडेचा खरपूस तुकडा उस्तादाचा, हे न बोलता ठरलेलं होतं.

मग पोस्टमन स्वयंसेवक म्हणून आला.

निवृत्त झालेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. सगळी नोकरी सायकलवर झालेली. पंक्चर, चेन, ब्रेक इथपर्यंत त्याची मजल होती, चाकाच्या बाबतीत बेताचंच. उस्तादाने पहिल्याच दिवशी त्याला जोखलं आणि मोठ्या मनाने शेवटचा, खिडकीजवळचा स्टँड दिला. पोस्टमनने तिथे उभं राहून हात पाठीमागे बांधले आणि समोरच्या बाईला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, आवाज कुठून येतोय?"

एका पंक्चरला त्याला तासभर लागायचा. उस्ताद गालातल्या गालात हसायचा. पण हळूहळू एक गोष्ट त्याच्या लक्षात यायला लागली, आणि आली ती आलीच. आपल्या स्टँडवरून गेलेली माणसं तीच तक्रार घेऊन परत येतात. पोस्टमनच्या स्टँडवरून गेलेली माणसं परत येतात ती काय जमलं ते दाखवायला. येताना जाऊबाई, शेजारी, कुणाला ना कुणाला घेऊन येतात. खिडकीजवळची रांग लांबत चालली, दाराकडची आखूड होत चालली. आणि एका शनिवारी बाईंनी टोपली फिरवताना कडेचा खरपूस तुकडा पोस्टमनच्या हातावर ठेवला.

पोस्टमनने तो खाल्लासुद्धा. उस्तादाच्या घशाखाली मात्र मधला मऊ पाव उतरेना. एवढा मोठा बाप्या माणूस, आणि पावाच्या कडेवरून त्याच्या पोटात दुखायला लागलं. लागलं तर लागलं. पोटाला वय कळत नाही.

घरी त्याने बायकोपाशी मन मोकळं केलं. "काय येतं गं त्याला? वाकडं फिरणाऱ्या चाकाची आऊट काढता येत नाही धड. नुसता तोंडाने गोड."

"ऐकून घेतात म्हणे ते लोकांचं," बायको म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. मागच्या आठवड्यात. नावं ठेवताना."

बायको एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काचेची भांडी, मोजमापं, मुलांनी फोडलेल्या नळ्या, सगळं तिच्याकडे. सायकलघरातले सगळे तिला वहिनी म्हणायचे, पण ती तिथे क्वचितच यायची. तिला सायकल चालवता येत नव्हती. लग्न नवं असताना उस्तादाने शिकवायचा घाट घातला होता. सीट धरून मागे पळत तो तिला एवढ्या सूचना देत होता की तिला हँडल कुठे आणि पाय कुठे हेच कळेना. शेवटी "अगं असं नाही, असं!" म्हणून त्याने हँडल आपल्याच हातात घेतलं. ती उतरली, "तुम्हीच चालवा," म्हणाली, आणि चालत घरी आली. त्यानंतर आजवर ती पायी जायची किंवा बसने. उस्ताद चारचौघांत हसून सांगायचा, "आमच्या हिला दोन चाकांचं वावडं आहे." तीही हसायची. ती कसं हसते हे त्याने कधी नीट पाहिलं नव्हतं.

आणि मग एका गुरुवारी तो कामावरून लवकर आला, हात धुवायला गेला, तर बेसिनच्या कडेला साखर सांडलेली.

आता साखरेला कोण विचारतो? पण सायकलघरातल्या माणसाला विचारावं लागतं. हाताला चिकटलेलं ग्रीस साध्या साबणाने निघत नाही. भांडी घासायच्या साबणात चमचाभर साखर घालून चोळली तरच निघतं. ही युक्ती उस्तादानेच सायकलघरात सगळ्यांना शिकवली होती. त्याने खाली वाकून पाहिलं. जाळीपाशी एक काळपट रेघ होती. नाकाला वास आला, आणि तो कशाचा हे कळायला त्याला उस्ताद असण्याची गरज नव्हती.

"काय करत होतीस?"

"पंख्याची जाळी साफ केली," बायको म्हणाली. पंख्याची जाळी जशी होती तशीच तेलकट होती.

पुढच्या गुरुवारी एका इमारतीतली लिफ्ट सहकाऱ्याच्या गळ्यात मारून तो भरदुपारी सायकलघराकडे गेला. गुरुवारी सायकलघर लोकांना बंद असायचं. पोस्टमन तेवढा किल्ली घेऊन सुटे भाग निवडत बसायचा. उस्ताद काचेच्या दाराबाहेर उभा राहिला आणि त्याने आत पाहिलं.

खिडकीजवळच्या स्टँडवर एक निळी सायकल उलटी लावलेली. पुढे त्याची बायको, बाह्या कोपरापर्यंत वर, कपाळावर काळा फराटा. हातात स्पोकची चावी. ती मागचं चाक फिरवत होती, थांबवत होती, एखादी तार जराशी पिळत होती आणि पुन्हा फिरवत होती. चाक चांगलंच आऊट होतं, लडबडत होतं. पोस्टमन एक पाऊल मागे, हात पाठीशी. तो काहीतरी बोलला. आणि बायको हसली. मान मागे टाकून, दात दिसतील असं, आवाज काचेबाहेर येईल असं हसली.

उस्तादाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दोघांमध्ये काही वावगं आहे असं त्याला एक क्षणही वाटलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. तसलं काही असतं तर निदान भांडता आलं असतं. इथे भांडायचं कशावरून? बायको चाकाची आऊट काढायला शिकतेय यावरून? आणि ज्याला ती स्वतःला धड काढता येत नाही अशा माणसाकडून! घरात उस्ताद असताना! तो दार न उघडता परत फिरला आणि त्या दिवशी त्याने एका लिफ्टचं बटण उलटं जोडलं.

शनिवारी तो सगळ्यांच्या आधी सायकलघरात पोचला. निळी सायकल उजव्या भिंतीच्या टोकाला टांगलेली होती. ही सायकल त्याच्या ओळखीची होती. त्यानेच तिला वर्षापूर्वी बघून "हिच्यात काही उरलं नाही" असा निकाल दिला होता. हँडलला चिठ्ठी होती. बायकोच्या अक्षरात. "भागीदारीसाठी. कृपया हात लावू नये."

म्हणजे हे प्रकरण नुसतं शिकण्यापुरतं नव्हतं. बाईसाहेब भागीदार व्हायला निघाल्या होत्या.

त्याने नुसतं बघायचं ठरवलं. ब्रेक बरे होते. चेन ठीक. सीट जरा खाली, पण ठीक. मग त्याने चाक फिरवलं, आणि ते डावीकडे, उजवीकडे करत फिरलं, आणि त्याचे हात शिवशिवले. खरं सांगायचं तर हात शिवशिवले हे निमित्त. मत्सर झाला होता, आणि मत्सराला काहीतरी काम हवं होतं. चोरी करणारा माणूस मत्सराने चोरी करतो, चहाडी करणारा चहाडी. उस्तादाला दुरुस्तीच येत होती. त्याने सायकल उतरवली, स्टँडला लावली आणि चाक सरळ केलं.

आणि काय सरळ केलं! तारेवर बोट मारून आवाज ऐकायचा, पाव फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे. हळूहळू सगळ्या तारा एका सुरात वाजायला लागल्या. शेवटी रिम अशी फिरायला लागली की फिरतेय की थांबलीय ते कळू नये. मग त्याने आपल्या सवयीप्रमाणे प्रत्येक तारेच्या टोकाला तेलाचा एकेक थेंब दिला. असं तेल तिथे दुसरं कुणी देत नसे. सायकलघरात सगळ्यांना माहीत होतं की तारांच्या टोकाला तेल दिसलं की ते चाक उस्तादाच्या हाताखालून गेलंय. ती सही होती म्हणा ना.

बायकोला ती कळणारच होती. गुरुवारी ती चाक फिरवील, बघेल, आणि तिला समजेल की शिकायचंच होतं तर कुणाकडे यायला हवं होतं. मग ती घरी येऊन काहीतरी बोलेल. रागावेल, लाजेल, काहीही, पण बोलेल माझ्याशी, असं तो मनाशी म्हणाला. त्याने सायकल पुन्हा जागच्या जागी टांगली आणि चिठ्ठी सरळ केली.

गुरुवार आला आणि गेला. बायकोने जेवण वाढलं. शाळेत कुणी नवी परीक्षानळी फोडली ते सांगितलं. उस्ताद घास हातात घेऊन वाट बघत राहिला.

"आणखी काही?" त्याने विचारलं.

"भात? हवाय?"

शुक्रवारीही नाही. शनिवारी सायकलघरात गेला तर उजव्या भिंतीचं टोक रिकामं. निळी सायकल गायब.

झालं. आता उस्तादाच्या डोक्यात काय काय चक्रं फिरली ते विचारू नका. सायकल नेली कुणी? पोस्टमननेच, आणखी कोण! आपलं चाक घरी नेऊन बसलाय. बायकोला सांगितलं असेल, बघा वहिनी, माझ्या शिकवण्याने कसं सरळ झालं. आणि तिने मान डोलवली असेल! आपल्या हातचं काम, आपल्या तेलाच्या थेंबांसकट, त्या वाकड्या माणसाच्या खात्यावर जमा झालं असेल. या विचाराने त्याला घाम फुटला. तो एक पंप परत करायच्या बहाण्याने पोस्टमनच्या घरीसुद्धा जाऊन आला. पोस्टमनच्या म्हाताऱ्या आईने त्याला बसवून चहा पाजला. तो चहा पिता पिता मान वाकडी करून बाल्कनीत, दारामागे, पलंगाखाली बघत होता.

"काही हरवलंय का तुमचं?" म्हातारीने विचारलं.

"नाही, नाही. छान आहे घर," उस्ताद म्हणाला.

पोस्टमन मात्र त्याच्याशी पूर्वीसारखाच वागत होता, म्हणजे चांगला. त्याचा प्रत्येक चांगला शब्द उस्तादाच्या डोळ्यांत कुसळासारखा खुपत होता. घरी बायकोचे गुरुवार चालूच होते, शिवाय आता ती शाळेतूनही उशिरा यायला लागली. उस्ताद काही विचारत नव्हता. विचारलं असतं तर आपण दारामागून बघितलं हे कबूल करावं लागलं असतं. आपण चिठ्ठी वाचूनही हात लावला हेही. तेव्हा तो मूग गिळून गप्प होता आणि आतून जळत होता.

मग महिन्याच्या बैठकीचा रविवार उजाडला. हॉलच्या मध्ये जागा मोकळी केलेली, भागीदार गोल करून उलट्या क्रेटवर बसलेले. बेकरीवाल्या बाई अध्यक्षस्थानी, म्हणजे हॉलमधल्या एकमेव खुर्चीवर. "आज एक नवं चाक आहे," त्या म्हणाल्या, आणि दारातून उस्तादाची बायको निळी सायकल ढकलत आत आली.

सगळे बघत राहिले. मग सगळ्यांनी उस्तादाकडे बघितलं. "वहिनी? छुपे रुस्तम निघालात की!" कुणीतरी म्हणालं. उस्तादाने चेहऱ्यावर आश्चर्य आणायचा प्रयत्न केला. ते काही त्याला जमलं नाही.

बायकोने सायकल उलटी उभी केली आणि चाक फिरवलं. ते सरळ फिरलं. टाळ्या पडल्या. ती जराशी धापा टाकत होती. म्हणाली, "मला दोन चाकांचं वावडं आहे असं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मलाही तसंच वाटत होतं. चाक म्हणजे काय, ते कसं ऐकायचं, हे मला पोस्टमननी शिकवलं. त्यांचे मला आभार मानायचेत."

पोस्टमन संकोचून पायांकडे बघायला लागला. पुन्हा टाळ्या. या वेळी जास्त जोरात, आणि पोस्टमनसाठी.

बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो दर वेळी विचारला जायचा आणि दर वेळी सगळे गप्प बसायचे. "या सायकलीला दुसऱ्या कुणाचा हात लागलाय का? माहीत असेल त्याने आत्ता सांगावं."

उस्तादाला गप्प बसायचं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. बोललो तर हिची सायकल बाद होईल, सगळी मेहनत मातीत जाईल, हे त्याला चांगलं कळत होतं. त्याने ओठ आवळले. पण टाळ्यांचा आवाज अजून कानात होता, आणि समोर पोस्टमन लाजत होता. उस्तादाच्याच चाकावर लाजत होता.

"लागलाय," उस्ताद म्हणाला. आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबवेना. "माझा लागलाय. ते चाक मी सरळ केलंय. इथेच, शनिवारी सकाळी. यांनी नाही, त्यांनी नाही. मी! तारांच्या टोकाला माझं तेल आहे, बघा हवं तर!"

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "उस्ताद, म्हणजे काय बोलताय कळतंय ना? ही सायकल मग बाद."

"कळतंय," उस्ताद म्हणाला. त्याला ते आत्ता कळत होतं.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "हात लागला होता. गुरुवारी मी चाक फिरवलं तर सरळ. पोस्टमन म्हणाले, तारा कधीकधी आपोआप बसतात. मलाही वाटलं, जमलं की काय! पाच मिनिटं इतका आनंद झाला होता मला. मग तेल दिसलं. मी तिथल्या तिथे एकूण एक तार सैल केली. चाक पार खिळखिळं करून टाकलं. आणि सायकल शाळेत नेऊन ठेवली, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत. यांच्या हाताला लागू नये म्हणून. तिथेच केलं हे चाक. शाळा सुटल्यावर, एकटीने. पोस्टमननीही बघितलेलं नाही."

"नाही बघितलं," पोस्टमन हळूच म्हणाला. "आत्ताच बघतोय."

"तेव्हा हे चाक त्यांचं नाही," बायको म्हणाली. "माझं आहे. पण माझ्या शब्दावर विश्वास का ठेवायचा, तुम्ही म्हणाल."

बाईंनी विचार केला. मग म्हणाल्या, "तो हात पुरता निघाला असेल तर सायकल बाद नाही. आणि इथे चाक ओळखणारा एकच माणूस आहे. उस्ताद, तुम्ही बघा. तुमचं असेल तर तसं सांगा, नसेल तर तसं."

उस्ताद गुडघ्यांवर बसला. त्याने तारांची टोकं बघितली. कोरडी. पुसून साफ केलेली. त्याने तारेवर बोट मारलं, मग शेजारच्या, मग पुढच्या. सूर जवळजवळ लागलेला होता, पण एकदोन तारा चढ्या बोलत होत्या. रिम हळू फिरवली. एका जागी ती केसभर डावीकडे जात होती. त्याच्या हातून असं चाक कधी गेलं नसतं. आणि रिमच्या कडेला बारीक बारीक ठिपके होते, काचेवर खुणा करायच्या लाल पेन्सिलीचे, काही एकेकटे, काही दोन दोन. असले ठिपके त्याने आयुष्यात कुठल्या चाकावर बघितले नव्हते.

आणि हे चाक त्याने दहा पावलांवरून आपलं म्हणून ओळखलं होतं. उस्तादाने!

अजूनही "माझंच आहे" म्हणता आलं असतं. तिथे कुणालाही फरक कळला नसता. त्याच्या शब्दापुढे सायकलघरात कुणाचा शब्द चालत नव्हता. डोळ्यांसमोर पोस्टमनचे बूट होते, नीट पॉलिश केलेले, आणि उस्तादाला त्या बुटांचासुद्धा राग आला. त्याने पुन्हा एकदा चाक फिरवलं. केसभर डावीकडे, मग सरळ. केसभर डावीकडे, मग सरळ. ती रोज शाळा सुटल्यावर काचेच्या नळ्यांमध्ये एकटी बसून त्या केसापर्यंत आली होती, आणि तिथपर्यंत तिला कुणीही नेलं नव्हतं.

"हे काम माझं नाही," उस्ताद म्हणाला. त्याने चाकावरचा हात काढून घेतला. "माझं नाही. हे तिचं आहे."

मग जे झालं ते नेहमीसारखंच झालं. हात वर झाले, वहिनी भागीदार झाल्या, बाईंनी पाव कापला. उस्तादही टाळ्या वाजवत होता. लोक त्याच्याकडे बघायचं टाळत होते आणि तो लोकांकडे. गंमत अशी की पोस्टमनबद्दल त्याला आता काहीच वाटत नव्हतं. मत्सर गेला नव्हता, नुसता सरकला होता. त्याला बायकोचा हेवा वाटत होता. इतका, की छातीत दुखावं. इतकी वर्षं चाकं सरळ करून, आपलं पहिलं चाक सरळ झालं तेव्हा कसं वाटलं होतं हे त्याला आठवत नव्हतं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते आत्ता ताजं होतं. ती शेजारच्या बाईला काहीतरी सांगत मोठ्याने हसली. हसताना तिचा एक डोळा जरा जास्त मिटतो हे त्याने पहिल्यांदा पाहिलं.

तिच्याभोवती घोळका जमला, आणि बघता बघता त्याची रांग झाली. सगळ्यांना ते लाल ठिपके बघायचे होते. एक ठिपका म्हणजे काय, दोन म्हणजे काय, ते आधी कशावरून ठरवायचं. उस्तादालाही ते जाणून घ्यायचं होतं. डोकं खाजवून खाजवून त्याला उमगत नव्हतं. तो माणसांतून वाट काढत पुढे गेला, आणि चाकाकडे बोट दाखवून म्हणाला, "अगं, ते ठिपके कशाचे?"

सायकलघरात त्याने तिला कधी काही विचारलं नव्हतं. घरी तरी कधी विचारलं होतं की नाही, कुणास ठाऊक. तिने मान वर केली आणि क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. तिचा हात चाकावरच होता.

"सांगते," ती म्हणाली. "पण यांचं आधी होऊ दे. तुम्ही रांगेत उभे राहा."

कुणीतरी हसलं. उस्तादाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग तो वळला आणि गेला मागे, शेवटी, जिथे रांग संपत होती तिथे. त्याच्या पुढेच पोस्टमन उभा होता, हात पाठीशी बांधून, शिकायला आलेल्या कुठल्याही माणसासारखा.

"या, उस्ताद," पोस्टमन म्हणाला आणि बाजूला झाला. "तुम्ही व्हा पुढे."

"नको," उस्ताद म्हणाला, आणि टाचा उंचावून पुढचं काही ऐकू येतंय का ते बघायला लागला.